पळसाच्या पानांचा सुश्रुत

अष्टमी गावचे मोरोपंत शेजारच्या रोह्याच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले. हिमनदी हा त्यांचा हातखंडा धडा. बर्फ त्यांनी पाहिला तो फक्त मासळीच्या पेटीत. पण ते शिकवू लागले की मुलांना हुडहुडी भरायची. बर्फावर बर्फ साचतो, वरच्या भारानं खालचा दबतो, आतली हवा निघून जाते आणि तो काचेसारखा घट्ट होतो. मग स्वतःच्याच वजनानं डोंगर उतरू लागतो. पोटात धरलेल्या दगडांनी खडक खरवडत अरुंद दरी रुंद करतो आणि जिथं वितळतो तिथं सगळं ओझं टाकून देतो.

हा धडा ऐकत मोठा झालेला त्यांचा एकुलता एक मुलगा सुश्रुत हिमालयात गेला आणि हिमनदीच्या भेगेत पडला. सापडला नाही. त्याला आता बारा वर्षं होत आली. बेपत्ता माणसाची एवढी वाट पाहायची, मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, अशी रीत. पेणहून बहिणीचा, सुनीतीचा फोन आला.

"दादा, भटजींना दिवस विचारू ना?"

"थांब गं. बर्फ काही ठेवून घेत नाही. खाली आणून सोडतो."

स्वयंपाकाला येणारी हौसा भाकरी थापता थापता ऐकत होती. ती खाडीकाठची.

"मास्तर, आमची खाडी बुडालेला मानूस दोन-तीन दिसांत वर टाकते. तुमची नदी कवा टाकंल?"

"वेग पाहता, अजून चाळीसेक वर्षांनी."

"अगो बाय!" तिचा हात थांबला. "तवा तुमी नाय, मी पन नाय. पोराला घ्यायला कोन जाईल?"

हिमनदीचा वेग मोरोपंतांनी कितीदा मांडला होता; स्वतःचं वय त्यात कधी धरलं नव्हतं. सुश्रुत बाहेर येईल तेव्हा तसाच तरुण असेल, आणि त्याला ओळखणारं कुणी उरलेलं नसेल.

"जेवान निवतंय," हौसा म्हणाली. "का ते पन चाळीस वर्सांनी?"

ते हसले नाहीत. त्यांनी पेणला फोन लावला. "विचार दिवस."

पेणला भोगावती नदीच्या काठी भटजींनी नारळाचं डोकं, पानांचे हातपाय मांडले. पानं ओलसर होती, जाळ धरेना.

"कापूर जास्त घालतो," भटजी म्हणाले.

"नको. घाई नाही," मोरोपंत म्हणाले, आणि पुतळ्याच्या पानांच्या हाताला हात लागेल इतक्या जवळ सरकून बसले.