पाहुण्यांसाठी धुरी दिलेलं गाव

डास पाहायला कोणी प्रवास करतं का? मी केला. माझी मामेबहीण सुषमा कीटकशास्त्रज्ञ. गावोगावचे डास पकडून त्यांच्यात डेंग्यूचा विषाणू आहे का, हे ती प्रयोगशाळेत तपासते. "दादा, गाडी तुझी, डिझेल माझं," ती म्हणाली. आयुष्यभर संस्कृत शिकवलेल्या माणसाला मशकदर्शनाचं निमंत्रण वारंवार येत नाही, म्हणून निघालो.

चिखलीहून अमडापूरचा रस्ता बरा आहे; पुढे मात्र खड्डे चुकवण्यापेक्षा त्यातला सोयीचा निवडावा लागतो. अमडापूरलाच खाऊन घ्या. भजी गरम, चहा पाकासारखा, आणि पुढे हॉटेल नाही. मागच्या सीटवर बर्फाचा डबा होता. पकडलेले डास लगेच गार ठेवले नाहीत, तर विषाणूचा माग लागत नाही.

गावात आमचे यजमान किसनराव वाट पाहत होते. गावातली दोन मुलं तापाने आडवी पडलेली, आणि किसनरावांची लेक पहिल्या बाळंतपणाला पुढच्या आठवड्यात माहेरी यायची. "तिले आणू का नको, एवढं सांगा मॅडम."

"डास तपासल्यावर सांगते," सुषमा म्हणाली आणि खोकली. गल्लीगल्लीत कडुनिंबाच्या पाल्याची धुरी पेटली होती. रांजण, टाक्या, सगळं पालथं.

"हे काय, काका?"

"तुमच्यासाठीच केलं ना. पाहुण्याले डास चावन, बरं दिसते का?"

"अहो, आम्ही डासच न्यायला आलोय."

"मंग हे आंधी सांगाचं ना बाप्पा."

बॅटरीवर चालणारी शोषणनळी घेऊन आम्ही दुपारभर घरं पालथी घातली. हाती लागले ते नेहमीचे घरगुती डास. पट्टेरी पायांचा, डेंग्यूवाला, एकही नाही. प्रत्येक घरी मात्र चहा. नाही म्हटलं की "काऊन, आमचा चालत नाही का?" बर्फ वितळत होता, मी चिडत होतो.

शेवटी एक बंद खोली दिसली. "ते लेकीची," किसनराव म्हणाले. "नवीन गोधडीले वास लागन म्हणून धूर नाही घातला." दार उघडलं. कूलर चालतो का, हे पाहायला पंधरवड्यापूर्वी भरलेलं पाणी त्यात तसंच होतं, त्यात अळ्या वळवळत होत्या. पलंगाखाली, गोधडीमागे पट्टेरी पायांचे डास. खिडकीची जाळी फाटकी. गावातून हुसकलेले बहुधा इथेच उतरले होते. सुषमा गुडघ्यांवर बसून एकेक ओढत राहिली. किसनराव दारातच उभे होते.

घरी परतून आठवडा होतो न होतो, तोच सुषमाचा फोन आला. त्या खोलीतल्या डासांत विषाणू निघाला होता. फवारणीसाठी तिने आरोग्य खात्याला कळवलंही होतं.

मी किसनरावांना फोन लावला. "मॅडमनं सांगतलं," ते म्हणाले. "लेकीले म्हणलं, सासरीच राह्य. रडली थोडी. पुढच्या बारीले न सांगता या साहेब, धुरी नाही करत."

प्रवासातून आठवणीसाठी काही आणावं म्हणतात. माझ्या सदऱ्याला अजून कडुनिंबाचा वास आहे. त्या गोधडीला नाही.