झोपवलेली रोपं

नसीम मॅडम सकाळी शेडमध्ये आल्या की आधी मिरचीच्या रोपाला हाताची मागची बाजू लावायच्या, तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावतात तशी. "जागी आहेस ना?" असं हळूच विचारायच्या. पहिल्या दिवशी वाटलं, मलाच विचारतात. मी हातात झारी धरून 'हो' म्हणाले. त्या हसल्या. मग पंधरा दिवस मी तोंड उघडलं नाही.

मॅडम जुन्या जालन्याच्या. धावडा गावाजवळच्या मळ्यात मिरचीवर संशोधन करायच्या. मला त्यांनी सोपं करून सांगितलं होतं, "सुमनबाई, रोपात एक जीन असतो, चौकीदार समज. ऊन चढलं की उठतो. मुळातून मर रोगाचे जंतू घुसले तरी तोच उठतो, असं मला वाटून राह्यलं. बघू, बराबर आहे का." म्हणून लाल दोरा बांधलेल्या रोपांत त्यांनी चौकीदार झोपवला, पांढऱ्या दोऱ्याच्या रोपांत जागा ठेवला. दोन्हींच्या मुळाशी जंतूंचं पाणी घातलं आणि काचेच्या तापत्या खोलीत ठेवलं. लाल माना टाकतील, पांढरी उभी राहतील, अशी त्यांची अटकळ.

मला सगळं कळलं होतं. पण दुपारी काचेपलीकडं लाल दोऱ्याची पानं सुस्तावलेली दिसायची, जणू स्वप्नात पाणी मागतात. खोलीचं दार उघडंच असायचं. मॅडम जेवायला गेल्या की मी आत जाऊन लाल रोपांवर ओलं पोतं टाकायची, मॅडम यायच्या आत काढायची. असं तीन दिवस केलं.

चौथ्या दिवशी लालही पांढऱ्यांसारखी ताठ. मॅडम उपड्या क्रेटवर बसल्या. "दोन साल याच्यामागं होते. चौकीदार हा न्हाई. मंग सोडून द्यायचं. फेक सगळं."

मी ट्रे उचलला. दारापर्यंत गेले आणि परत वळले.

"मॅडम, पोतं मी टाकलं होतं."

"कोणतं पोतं?"

"ओलं. दुपारचं. लाल दोऱ्यावर."

त्या क्रेटवरून उठल्या. "तिन्ही दिवस?"

"हो."

"बिलकुल पागल आहेस," त्या म्हणाल्या. रागानं नाही. मग खोलीची चावी माझ्याच हातात दिली. "पुन्हा लावू. आता तूच सांभाळ."

नवी रोपं आली. मी दुपारभर काचेकडं पाठ करून बसायची, चावी मुठीत. लाल दोऱ्याची एकेक मान खाली गेली. पांढरी उभी राहिली. मॅडमनी सगळं लिहून घेतलं आणि झारी माझ्या हातात दिली. "आता घाल पाणी."

"उठतील?"

"न्हाई."

तरी मी घातलं, एकेकाला. शेवटच्या रोपापर्यंत त्या माझ्याशेजारी उभ्या होत्या.

पुढं त्या हैदराबादला गेल्या. जायच्या दिवशी शेडमध्ये आल्या, पण रोपांकडं गेल्या नाहीत. माझ्या कपाळाला हाताची मागची बाजू लावली.

"जागी आहेस ना?"

मी 'हो' म्हणाले. या वेळी मलाच विचारलं होतं.