हात ओढायचा नाही

फोन आला तेव्हा मी मागच्या पडवीत आठळ्या सोलत बसले होते. पलीकडून विल्सन म्हणाला, "मावशी, फिलू गेली." सख्ख्या आईला नावाने बोलतो म्हणून नाक मुरडू नका, त्याचं कारण पुढे येईलच. मी विचारलं, कधी? तर पहाटे, झोपेतच. मग फोन नुसता कानाला. त्याला बहुतेक वाटलं असेल की मी रडेन, मला वाटलं तो रडेल. दोघांनाही जमलं नाही. आठळ्यांच्या सालीनं काळी झालेली बोटं मी कितीतरी वेळ बघत बसले. त्याला आता पाच आठवडे झाले. आजपर्यंत घरच्या टिपणवहीपलीकडे मी काही लिहिलेलं नाही, पण फिलूबद्दल कुणीतरी लिहायला हवं, आणि तिथली फिलू बघितलेलं आता माझ्याशिवाय कोण उरलंय?

तिथली म्हणजे बहारीनची. अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशीची गोष्ट. आमचे हे जनाबियाला एका इंग्रज साहेबाकडे ड्रायव्हर होते. लग्नानंतर दोन वर्षांनी मला फॅमिली व्हिसा मिळाला आणि मी लांज्याची पोर, जिने रत्नागिरीदेखील दोनदाच पाहिलेली, ती थेट विमानात बसले. साहेबाच्या बंगल्यामागे नोकरांच्या दोन खोल्या होत्या. एक आमची, एक फिलूची. फिलू वसईची, ख्रिस्ती. साहेबाचं स्वयंपाकघर आणि दोन पोरं तीच सांभाळायची. माझ्यापेक्षा वर्षभराने मोठी, तरी मला ताय म्हणायची. मी बोलघेवडी, ती कमी बोलणारी, पण हसायला लागली की पदर, म्हणजे तिचा फ्रॉकच, तोंडात कोंबावा लागे. इंग्रजीतलं येस-नो मला तिनेच शिकवलं, आणि अरबीत 'नाही'ला मफी म्हणायचं, 'पुरे'ला खलास, तेही.

नवरा गेला तेव्हा विल्सन वर्षाचा होता. तो दोन वर्षांचा झाल्यावर त्याला सासूपाशी ठेवून फिलू निघाली. दोन वर्षांनी पहिली लीव्ह मिळाली, तेव्हा ही दारातूनच हात पसरून त्याला उचलायला गेली, आणि पोरानं मनगटाला कडकडून चावा घेतला. परकी बाई वाटली त्याला. फिलूनं हात ओढला, आणि ओढता ओढता त्याच्या गालावर चापट बसली. बस, एवढंच. पण पुढचे चाळीस दिवस तो आजीच्या खाटेखाली झोपला. आजीला आई म्हणायचा, आणि हिला, घरात सगळे फिलू म्हणतात म्हणून, फिलू. हे सगळं तिनं मला तांदूळ निवडता निवडता सांगितलं होतं. शेवटी म्हणाली, "चाव्याचा वळ गेला ताय. चापटीचा नाही गेला."

आता त्या जनावराचं सांगते. साहेबाला घोड्यांचा शौक. घोड्यांच्या सातूच्या गोण्या मागच्या गोदामात लाकडी फळ्यांवर रचलेल्या असत आणि फळ्यांखाली उंदरांची वस्ती. विष घालायचं तर घोड्यांची भीती. म्हणून साहेबानं आपल्या मुलखातून विमानानं एक फेरेट मागवलं. मुंगसाच्या अंगलटीचं, दुधावरच्या सायीच्या रंगाचं, डोळ्यांभोवती काळपट पट्टा. तिकडे बिळात सोडून उंदीर-ससे हुसकावायला पाळतात म्हणे. मादी होती, कोवळी, चारेक महिन्यांची. आमच्या ह्यांनी पाहिल्याबरोबर मुंगूस म्हणून जाहीर केलं, आणि मुंगसाचं तोंड दिसणं किती शुभ, म्हणून मी पिंजऱ्यापुढे बसून लहानपणीसारखी तिला रामाची शपथ घातली. फिलू म्हणाली, "विलायतेची आहे ताय ती. तिला रामाची शपथ कळायची नाही."

तिला चावणं तेवढं कळत होतं. साहेबाला चावली, पोरांना चावली, आमच्या ह्यांच्या अंगठ्याला तर लोंबकळलीच. दात सुईसारखे, एकदा रोवले की सोडायचं नाव नाही. साहेब हात झटकायचा, ती जाऊन भिंतीवर आपटायची, आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट चावायची. नाताळला साहेब सहकुटुंब महिनाभर घरी निघाला, तेव्हा सांगून गेला की मी परत आल्यावरही चावत असेल तर डॉक्टरला बोलावून सुई द्यायची, खलास. बाईसाहेबांना तिचा उग्र वास खपत नव्हता, तेव्हा त्यांनाही ते बरंच वाटलं. साहेबाची गाडी वळली आणि फिलूनं पिंजरा उचलून स्वतःच्या खोलीत नेला. मी म्हटलं, "गो फिलू, तुला कशाला हवी ही ब्याद?" फिलूनं तिचं नाव मात्र त्याच दिवशी ठेवलं. बाय.

पहिल्याच संध्याकाळी बायनं तिचा हात धरला, अंगठ्याखालच्या मऊ मांसात. मी ओरडले. फिलूनं हात ओढला नाही. उलट अगदी हळू, तोंडाच्या आतल्या बाजूला दाबला. रक्त येत होतं आणि ही ओठ मिटून बसलेली. जरा वेळानं बायचा जबडा आपोआप ढिला पडला. मी विचारलं, हे कुठून शिकलीस? तर म्हणाली, "अंगावर पाजताना विल्सन चावायचा ना, तेव्हा सासू सांगायची, ओढू नको, फाटेल. छातीशी दाब. नाक दबलं की पोर आपणच तोंड उघडतं." आणि मग माझ्याकडे न बघता, "मला ठाऊक होतं ताय. दारात त्या दिवशी मला हे ठाऊक होतं."

त्या महिन्यात मी जे बघितलं ते मला आजवर कुठे बघायला मिळालं नाही. रोज काम आटपलं की ठरल्या वेळी फिलू पिंजऱ्याचं दार उघडून जमिनीवर बसायची. उचलायला जायची नाही, हाकही मारायची नाही. बोटं दातांत सापडतात म्हणून मूठ मिटून पुढे ठेवायची, मुठीला अंड्याचा बलक चोपडलेला. चावली तर हात तिथेच, आणि एकच शब्द, खलास, तोही हळू. आपणहून मांडीवर चढून चावली तरी खाली ठेवायची नाही. चावलं की सुटका होते, हे एकदा कळलं की ती जन्मभर चावेल, असं म्हणायची. रात्री आपला घातलेला फ्रॉक पिंजऱ्यात अंथरायची, वासाची ओळख व्हावी म्हणून. तेव्हा तिनं सांगितलं की वसईहून निघताना विल्सनच्या उशीखालीही तिनं असाच एक अंगावरचा फ्रॉक ठेवला होता. सासू बाई स्वच्छतेची. दुसऱ्याच दिवशी सोडा घालून धुवून टाकला.

हातांवर टाके घालायची वेळ आली नाही एवढंच, बाकी कोपरापर्यंत टोचे. आमचे हे चिडवायचे, फिलू, आता तूच एखाद्या उंदराला चावशील. पण चौदाव्या-पंधराव्या दिवशी बायनं मूठ हुंगली, बलक चाटला, आणि बलक संपल्यावरही चाटतच राहिली. फिलूनं माझ्याकडे मान वळवली. हसत होती आणि डोळ्यांतून पाणी. मग गळ्यात घुंगरू बांधून तिला गोदामात फळ्यांखाली सोडायला सुरुवात केली. आतून घुंगरू छुमछुम फिरायचं आणि दुसऱ्या टोकाला लावलेल्या जाळ्यात उंदीर धडाधड येऊन पडायचे. बाय मात्र आतच रमायची. मग फिलू जमिनीवर पालथी पडून फळीच्या फटीत मूठ ठेवायची, "यल्ला बाय," चल बाय, म्हणायची आणि वाट बघायची. कधी पाऊण तास. आली नाही असं कधी झालं नाही.

साहेब आला आणि सरळ बोटं पुढे केली. आमचा जीव टांगणीला. फिलू मधे पडून म्हणाली, "नो फिंगर, सर. फिस्ट." साहेबानं मूठ केली. बायनं हुंगली आणि चाटली. साहेब म्हणाला, गुड गर्ल. हे बायला म्हटलं की फिलूला, यावर आमचं महिनाभर भांडण चाललं होतं.

मेमध्ये फिलूची दुसरी लीव्ह आली. विल्सन आता सहा वर्षांचा. जाताना फिलूचा चेहरा परीक्षेला निघालेल्या पोरीसारखा. बाय माझ्या खोलीत आली. तिला उकाडा सोसत नाही, तिच्या मुलखात बर्फ, म्हणून उन्हाळाभर एसी चालू ठेवायचा, एवढी एकच गोष्ट फिलूनं मला चारदा बजावली. आणि पिंजऱ्यापाशी बसून बायला म्हणाली, येते हं मी.

पुढचं लिहायला हात धजत नाही... पण लिहिते. एके दिवशी दुपारी ह्यांच्याबरोबर मनामाला बाजारात निघाले. कुलूप घालण्याआधी मी दिवा बंद केला, पंखा बंद केला, आणि एसीही बंद केला. विसरले नव्हते हो बायला, जाताना तिला पाणीसुद्धा ठेवलं होतं. पण घराबाहेर पडताना सगळं बंद करायचं, हे हाडात भिनलेलं. हातानं ते आपलंआपण केलं, मला विचारलंच नाही. परत आलो तेव्हा तीन तास झाले होते. फिलूच्या फ्रॉकवर बाय लांबलचक पसरलेली, तोंड उघडं. ओल्या फडक्यात गुंडाळली, ह्यांनी बर्फ आणला... काही उपयोग झाला नाही. मागच्या खजुराखाली आम्ही तिला पुरलं. साहेब रागावला नाही, आणि ते मला जास्त लागलं.

फिलू परत आली ती गाडीतून उतरून बॅग तशीच टाकून माझ्या खोलीकडे धावत. वाटेतच सांगायला लागली. रोज संध्याकाळी त्याच्या खाटेशेजारी जमिनीवर बसले ताय, हाक नाही, हात लावणं नाही. पंचवीस दिवस ढुंकून बघितलं नाही. मग एक दिवस येऊन बसला, हातभर अंतरावर. आणि निघायच्या आदल्या रात्री... माझ्या हातावर हात ठेवून झोपला गं. एवढं बोलून ती आत आली आणि रिकामा पिंजरा तिच्या नजरेला पडला.

मी सगळं सांगितलं. लपवलं नाही. मला वाटलं होतं ओरडेल, ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खाली बसली, पिंजऱ्यातला फ्रॉक काढून मांडीवर घेतला. त्याला चिकटलेले केस वेचत म्हणाली, "बाहेर पडताना बंद करायचं, हे तुला तुझ्या आईनंच शिकवलं असेल ना ताय. माझ्या सासूनं धुतला तोही चांगल्यासाठीच." मग फ्रॉकची घडी घालत, "मी येते म्हटलं होतं तिला. तिनं वाट बघितली असेल."

मी तिला म्हटलं, पोर जवळ आलंय, आता परत जा, नको ही नोकरी. पण वसईला घर अर्धं उभं, सासू थकलेली, व्हिसा नुकताच वाढवलेला. दोन वर्षं म्हणता म्हणता आणखी आठ गेली. दर लीव्हला पहिल्यापासून सुरुवात. दोन वर्षांत माणसाचा वास जातो, म्हणायची. ती कायमची घरी गेली तेव्हा विल्सन सोळा वर्षांचा होता. मिसरूड फुटलेला, आजी वारल्यानं घुमा झालेला, ताट घेऊन वेगळा बसणारा. आम्हीही त्याच सुमारास देशात परतलो. घरात फोन आल्यापासून दर रविवारी तिचा फोन यायचा. तब्येतीचं, भाजीचं झालं की आवाज लहान करून सांगायची, काल शेजारी बसला. कधी, आज नाही बसला. इतकी वर्षं तेवढीच बातमी. मी हो हो म्हणायचे आणि मनातल्या मनात बायची क्षमा मागायचे.

महिन्याच्या मिस्सेला, म्हणजे तिच्यासाठीच्या चर्चमधल्या प्रार्थनेला, मी वसईला गेले. मंडळी पांगल्यावर विल्सन माझ्यापाशी आला. आता पन्नाशीचा आहे, केस पिकलेत. म्हणाला, "मावशी, ती माझ्याशी बोलायचीच नाही. मी कामावरून आलो की पायरीवर येऊन बसायची. नुसती. ना विचारणं, ना रागावणं. मला वाटायचं, हिला माझं काही पडलेलंच नाही."

मग मी त्याला सगळं सांगितलं. बाय, मूठ, फ्रॉक, आणि माझा एसीसुद्धा. मला धाकधूक होती, आईनं आपल्याला जनावराच्या मापानं जोखलं म्हणून दुखावेल. तो खाली मान घालून ऐकत राहिला. संपल्यावर त्यानं एकच विचारलं, "तिथे ती हसायची?"

मी म्हटलं, "फ्रॉक तोंडात कोंबून हसायची रे. ऐकणाऱ्याला हसू यावं इतकं." तो उठून बाहेर गेला.

थोड्या वेळानं मी मागोमाग गेले. पुढच्या दाराची पायरी चांगली ऐसपैस आहे, चार माणसं बसतील अशी. विल्सन तिच्या एका टोकाला, भिंतीला खांदा टेकवून, जेमतेम अर्धा टेकलेला. फिलूची सून हळूच म्हणाली, आई शेजारी असायच्या तेव्हासारखे अजूनही रोज असेच बसतात, सरका म्हटलं तर सरकत नाहीत. त्यानं मान वर करून मला बस म्हटलं. पायरीवर जागा होती. मी खाली अंगणातच बसले.