शिरपूरच्या बाजारातला खवल्यांचा मोजा

जळगावहून शिरपूरची बस सुटली तेव्हा माझ्या मांडीवर पिशवी होती आणि पिशवीत एक हातमोजा. कापडावर प्लास्टिकच्या चकत्या शिवलेला. सुरीला दाद न देणारा, आणि बोटांनाही! मी इंजिनिअरिंग कॉलेजात पदार्थांची ताकद शिकवते. शिवणकाम मात्र आईच्या कृपेने.

मोजा होता मीनाअक्कांसाठी. शिरपूरच्या बाजारात त्या मासे विकतात, कापून देतात. मागे एकदा विळीने त्यांचा डावा तळवा उभा चिरला. पुन्हा तिथेच कापलं तर बोटं मिटणार नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलंय. बाजारात मिळणारे जाड मोजे घातले की मासा निसटतो, म्हणून त्या उघड्या हातानेच बसतात. मला त्याची धास्ती वाटते.

माशाने हे चिलखत कधीच अंगावर घातलंय. खवल्याचा वरचा थर हाडासारखा कडक, खाली चिवट तंतूंचे थर, प्रत्येकाची दिशा वेगळी. दात रुतला तरी तडा फार पुढे जात नाही. मग एवढं चिलखत घालून मासा वळतो कसा? ते पाहायला मी अक्कांना फोन करून मोठा रोहू राखून ठेवायला सांगितलं होतं.

पोचले, तर रोहू तासून गुळगुळीत!

"पाव्हनीले खवलासगट मासा कसा देऊ वं?" (पाहुणीला खवल्यांसकट मासा कसा देऊ?) अक्का म्हणाल्या. "बठ्ठा साफ करी ठेया तुमनाकरता." (सगळा साफ करून ठेवलाय तुमच्यासाठी.)

मी कपाळाला हात लावला. पाहुणीच्या ताटात खवला सापडणं म्हणजे त्यांच्या घराची लाज. रागावणार तरी कोणावर? पकडीसाठी शेपटीजवळ थोडे खवले तेवढे राहिले होते. ती शेपटी मी वाकवली. खवले एकमेकांवर सरकले आणि परत जागेवर बसले. प्रत्येक खवला डोक्याकडच्या टोकालाच कातडीत रुतलेला, मागचं टोक मोकळं. माझ्या चकत्या मात्र मी चहूबाजूंनी टाचल्या होत्या.

दुपारभर अक्कांच्या ओट्यावर उसवलं, शिवलं. मध्ये कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) आणि त्याच रोहूचं झणझणीत कालवण झालं. डोळ्यांत पाणी असताना सुई हातात घेऊ नये, हे बोट टोचल्यावर कळलं.

संध्याकाळी अक्का मोजा घालून बसल्या. मूठ मिटली. मासा हातात राहिला. दुसऱ्याच माशाला तळवा विळीवर घसरला, खर्रकन आवाज झाला. अक्कांनी मोजा काढून तळवा माझ्यापुढे धरला. जुन्या व्रणाशिवाय त्यावर काही नव्हतं.

"नमुना आहे, अक्का. अजून सुधारायचाय," म्हणत मी हात पुढे केला.

"हाऊ आते मना शे," (हा आता माझा आहे) मोजा परत चढवत त्या म्हणाल्या. "तुम्ही दुसरा शिवी ल्या!" (शिवून घ्या!)

परतीच्या बसमध्ये शेजारच्या बाईंनी नाकाला पदर लावला. माझ्या हातांना माशाचा वास येत होता आणि पिशवी रिकामी होती. इतकी खूश मी बऱ्याच दिवसांत झाले नव्हते.