टीनाच्या हळव्या हिरड्या

गरोदरपणाच्या पाचव्या महिन्यात कामठ्याच्या टीनाच्या दातांना साधं पाणीही झोंबू लागलं. ब्रश केला की हिरड्यांतून रक्त यायचं, म्हणून तिने दात घासणंच सोडलं. ते नवरा भूपेंद्रच्या नाही, पण सासू देवकाबाईंच्या लक्षात आलं.

"काऊन वं, दात नाही घासून राहिली?"

"रगत येते ना, आई."

"येतेच. भूपेंद्रच्या वेळेस माही तं दाढच पडली. पन पोटुशीनं दाताच्या डॉक्टरकडे नाही जात."

तरी टीना गोंदियाला दात दाखवायला निघाली, तेव्हा तिच्यावर लक्ष ठेवायला म्हणून देवकाबाईही सोबत गेल्या. डॉक्टरबाईंनी तिचे दात साफ केले. दिवस गेले की हिरड्या हळव्या होतात, पण घासणं सोडलं की त्या आणखी सुजतात, असं समजावून त्यांनी मऊ ब्रश आणि कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सांगितल्या.

"बाळाले काही होनार नाही ना?" देवकाबाईंनी विचारलं.

"नाही हो, उलट बरंच आहे."

देवकाबाई जरा घुटमळल्या. मग खुर्चीकडे सरकत म्हणाल्या, "आता आलीच हाव, तं माही बी एक दाढ पाहून घ्या."

महिनाभरात टीनाचं रक्त यायचं थांबलं. रोज संध्याकाळी सासूसुना मोरीत उभ्या राहून गुळण्या करतात, आणि भूपेंद्र हात धुवायला ताटकळत असतो.