तानाजीच्या खिडकीवर सुग्रीव

तानाजी आमच्या खिडकीवर अर्ज घ्यायला बसायचा, तेव्हा रांगेतली माणसं आपली तक्रार विसरून हसायची. "काय मामी, जावई पुन्हा रुसला का?" असं विचारतच तो कागद हातात घेई. नोकरीत असतानाच तो हृदयविकाराने गेला आणि अनुकंपा तत्त्वावर त्याचा मुलगा सुग्रीव परिचर म्हणून लागला.

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या या पंचायत समिती कार्यालयात मी अधीक्षक आहे. वाणिज्य शाखेचा पदवीधर, आता निवृत्तीला टेकलेला. माणूस पाहून काम द्यावं, एवढंच माझं म्हणणं. पण आमच्या साहेबांनी मोबाईलवर कुठेतरी वाचलं होतं की, सरकारी नोकराची सेवावृत्तीसुद्धा जनुकांतून येते. सुग्रीव रुजू झाला त्याच दिवशी ते म्हणाले, "तानाजीचं रक्त आहे. खिडकीवरच बसवा."

खुर्ची वारशाने मिळते हा सरकारचा नियम. स्वभावही वारशाने मिळतो हा साहेबांचा.

सुग्रीवला खिडकी नको होती. आमच्याच हाताखालच्या, घाटावरच्या जनावरांच्या दवाखान्यात परिचराची जागा रिकामी होती. ती त्याला हवी होती. अडलेल्या गाईपाशी हा पोरगा रात्र काढेल, पण माणसांचा घोळका दिसला की त्याला घाम फुटायचा. मी त्याचा विनंती अर्ज दोनदा वर पाठवला. दोन्ही वेळा परत आला. "रक्ताला जरा वेळ द्या," साहेब म्हणाले.

दसरा झाला. ऊसतोडीला निघायच्या आधी कागद करून घ्यायला माणसांची झुंबड उडाली. त्यात केसरबाई नावाची म्हातारी खिडकीशी आली.

"आरं, तानाजीचं लेकरू ना तू? मंग बोल की कायतरी! तुजा बाप मला बगितलं की म्हनायचा, आली बगा म्हाराणी."

"आजी, कागद द्या."

"देते की. आदी हस तर!"

मागून एक जण ओरडला, "बापाची खुर्ची आनली अन् बापाचं त्वांड घरीच ठिवलं काय बे?"

रांग खदखदून हसली. सुग्रीवने खाडकन खिडकी लावून घेतली.

तक्रार साहेबांपर्यंत गेली. त्यांनी आम्हा दोघांनाही आत बोलावलं.

"तुझे वडील असे नव्हते."

"न्हाई, साहेब."

"मग तू गेलास कुणावर?"

"आईवर."

मला अंजनाबाई आठवल्या. तानाजीच्या जागी मुलाला घ्यावं, अशी संमती द्यायला त्या आल्या होत्या. दुपारभर बाकावर बसल्या, अंगठा उठवला आणि गेल्या. तोंडातून शब्द म्हणून नाही. मी म्हणालो, "साहेब, रक्ताचंच म्हणाल तर निम्मं आईचंही धरावं लागेल."

"अधीक्षक, इथे हिशेब मांडू नका. हा वर्तनाचा प्रश्न आहे."

आणि शिक्षा म्हणून त्यांनी सुग्रीवची बदली केली. कुठे, तर त्याच घाटावरच्या दवाखान्यात! मी मसुद्यात 'विनंतीवरून' लिहिलं होतं. ते खोडून त्यांनी 'जनतेशी वर्तन असमाधानकारक' असं लिहिलं. मागितल्यावर जे सरळ देता आलं असतं, तेच आता डाग लावून दिलं. पदोन्नतीच्या वेळी दर खेपेला हा शेरा आडवा येणार, आणि तेव्हा सांगायला मी इथे नसणार.

"खिडकीवर आता रोहिणीला बसवा," साहेब म्हणाले. वारलेल्या ड्रायव्हरची मुलगी पुढच्या आठवड्यात रुजू होणार होती. "बाप किती गोड बोलायचा!"

"मुलगी कशी आहे?"

"त्यात काय विचारायचं?"

आदेश घेऊन मी बाहेर आलो. तो शेरा सुग्रीवला वाचून दाखवताना माझाच आवाज चढला. त्याने शांतपणे विचारलं, "तिथं खिडकी न्हाई ना, साहेब?"

"नाही."

"मग ऱ्हाऊ द्या शेरा. म्हशीला कुठं वाचता येतंय!"

आणि तो मान मागे टाकून हसला, थेट तानाजीसारखा. ही गोष्ट मी साहेबांच्या कानावर घातली नाही. घातली असती, तर त्यांनी बदली रद्द केली असती.