काकांचं तोंड उघडं का आहे

समस्त वाचकांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मी पहिला खराखुरा कॅमेरा विकत घेतला, आणि त्यातून मी काढलेला अगदी पहिला फोटो आज नांदुऱ्यात एका भिंतीवर हार घालून लावलेला आहे. फोटोतल्या माणसाचं तोंड उघडं आहे आणि सगळा फोटो निळा आहे. त्या घरी येणारा पाहुणा आधी फोटोकडे बघतो, मग माझ्याकडे. गुन्हा कबूल. पण हकिगत ऐकल्याशिवाय मी कोणाला चहाचा कप खाली ठेवू देत नाही.

तो माणूस म्हणजे आमचे शेजारी त्र्यंबककाका. गावातल्या एका जिनिंगवर, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, तीस वर्षं ग्रेडर. कापसाची गाडी आली की काका उन्हाकडे पाठ करून उभे राहत, गाडीत कोपरापर्यंत हात खुपसत आणि आतला कापूस ओढून काढत. "वरचा कापूस पाव्हण्याले दाखवासाठी असते," ते म्हणत, "पोटातला काय म्हणते ते पाहू दे." मग चिमूटभर कापूस दोन अंगठ्यांत हलकेच ताणायचा, धाग्याची लांबी बघायची, स्वतःच्याच सावलीत धरून रंग बघायचा, आणि निकाल द्यायचा: पहिली प्रत, नाहीतर दुसरी. किडक्या बोंडातला पिवळा कापूस, म्हणजे कवडी, त्यांच्या बोटांना न शोधता सापडे. खिशात पत्र्याची एक डबी असे. तिच्यात काळ्या कापडावर पहिल्या प्रतीच्या कापसाचा पुंजका. काकू त्या डबीला सवत म्हणत.

आमच्या गल्लीत साडी असो, पंखा असो की जावई, काकांच्या नजरेखालून गेल्याशिवाय घरात येत नसे. मला नळगंगा धरणावरचे पक्षी टिपायचे होते. माझं मन हातभर लांब लेन्सवर बसलं होतं. म्हणून एका रविवारी काकांना घेऊन मी मलकापूरला निघालो. गाडीत ते वैतागलेले होते.

"यंदाचा कापूस पाह्यला का? सारा पिवळा येऊन राह्यला. परवा कापसाची गाडी घेऊन आली ते लीलाबाई माह्याशी भांडली. म्हणे, काका, डोळे धुऊन या!" स्वतःच हसले. मग माझ्या कोऱ्या पांढऱ्या सदऱ्याकडे बघून म्हणाले, "हा बदामी रंग तुले शोभत नाई, बे."

मला वाटलं, थट्टा करताहेत.

दुकानाच्या मालकीणबाई उत्साही होत्या. त्यांनी काचेवर तीन कॅमेरे मांडले आणि झूम, सेन्सर, बॅटरी अशी माहिती सुरू केली. काकांनी हात वर करून त्यांना थांबवलं. खिशातून डबी काढली, उघडून काचेवर ठेवली.

"याचा फोटू काढा. जो कॅमेरा पांढऱ्याले पांढरं म्हणन, तो आमचा."

मी तर खूश झालो. कॅमेरा निवडायची याहून सोपी परीक्षा आजवर कोणी सांगितली नव्हती! बाईंनी पहिल्या कॅमेऱ्याने फोटो काढला. काकांनी पडद्यावर पाहिलं. "पिवळा." दुसरा. "हा बी पिवळा." तिसरा. "काऊन हो बाई, साऱ्या दुकानातच हळद सांडली का?"

मला तिन्ही फोटोंतला कापूस पांढराशुभ्र दिसत होता. मी बाईंकडे पाहिलं, बाईंनी माझ्याकडे. त्या हुशार. वाद न घालता म्हणाल्या, "काका, या कॅमेऱ्यात रंग आपल्याला जुळवता येतो. ही चकती फिरवा. तुम्हाला पांढरं दिसलं की थांबा."

काका चकती फिरवू लागले. पडद्यावरचा कापूस माझ्या डोळ्यांदेखत निळसर झाला, मग आणखी निळा, मग नीळ जास्त झालेल्या शाळेच्या शर्टासारखा झाला. तेव्हा कुठे काका थांबले.

"हाव! आता झाला पांढरा."

बाई हळू आवाजात म्हणाल्या, "काका, हा निळा आहे."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी बोलका माणूस. मयतीतही माझं तोंड बंद नसतं. त्या दिवशी मी नुसता सदऱ्याची बटणं चाचपत राहिलो.

"निळा हाये?"

"हो काका."

"आन तुहा सदरा?"

"पांढरा."

ते स्टुलावर बसले. डबी मिटली, उघडली, पुन्हा मिटली. बाई पाणी देत म्हणाल्या, "मोतीबिंदू असेल काका, त्यात पांढरं पिवळं दिसतं." पाणी तसंच राहिलं. मला वाटलं, आता डोळ्यांची काळजी करतील. काका म्हणाले, "म्हंजे लीलाबाईचा कापूस पहिल्या प्रतीचा होता." आणि डबी खिशात घालत, "एकल्या तिचाच नसन."

मग उठले. कॅमेऱ्याकडे बोट दाखवून मला म्हणाले, "हाच घे. साऱ्या हंगामात मले खरं सांगणारा हा एकलाच भेटला." हातभर लांब लेन्स राहिली काचेतच.

प्रत्येक गाडीतला मूठभर कापूस पुडीत बांधून, वर नाव लिहून, टेबलाच्या खणात ठेवायची काकांची सवय होती. सोमवारी सकाळी त्यांनी तो खण अख्खा ओढून काढला आणि माझ्या हातात दिला. जिनिंगच्या आवारात गाड्या लागलेल्या, शेतकरी बसलेले. काकांनी रात्रीच कळवलं होतं, म्हणून शेठ धावत आले, काकांना बाजूला घेऊन म्हणाले, "काका, कोणाले मालूम नाई. राहू द्या ना. ऑपरेशन करून या, खुर्ची तुमचीच हाये."

"मले मालूम हाये ना, शेठ."

आणि भर आवारात, उन्हाकडे पाठ करून, काका बोलले. "बाप्पाहो, माह्या डोळ्यात मोतीबिंदू हाये, आन मी तुमच्या कापसाले पिवळा म्हनून राह्यलो होतो. पुड्या इथी हायेत. दुसऱ्या जिनिंगचा ग्रेडर बलावला हाये. ज्याची प्रत चुकली, त्याची सुदरन." लीलाबाई पुढेच उभी होती. तिच्याकडे वळून म्हणाले, "बाई, तू म्हने डोळे धुऊन या. धुऊन नाई भागत वं, कापाच लागते."

लीलाबाई भांडायच्या तयारीने आली होती. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "काका, पहिले डोळे दाखवा. कापूस कुठी पयून नाई जात."

दुपारपर्यंत पुड्या उघडत होत्या. बऱ्याच वर चढल्या, आणि शेठनेही मग हात आखडता घेतला नाही. मी तो खण धरून उभा होतो. हात भरून आले, पण खाली ठेवावासा वाटेना. आयुष्यात मी पुष्कळ मिरवलोय, लग्नांत, मिरवणुकांत, उद्घाटनांत. पण त्या जुन्या लाकडी खणाइतकं भारी काही माझ्या हातात कधी आलं नाही.

पुढच्याच आठवड्यात एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी काढायच्या वेळी मी नवा कॅमेरा घेऊन हजर. दुकानातली काकांची ती निळी खूण त्यात तशीच होती. आठवण म्हणून ठेवली, असं मी सांगतो. खरं म्हणजे ती घालवायची कशी, हे मला येत नव्हतं. डॉक्टरांनी पट्टी उचलली. समोर काकू उभ्या होत्या, धास्तावलेल्या, पदर खांद्यावर घसरलेला. काकांनी नवा डोळा उघडला, मिटला, पुन्हा उघडला आणि त्यांच्याकडे बघतच राहिले. मी बटण दाबलं.

काका गेल्यावर नातेवाइकांनी तोंड मिटलेला फोटो पुष्कळ शोधला. काकू म्हणाल्या, हाच लावा. म्हणून तो तिथे आहे, निळा, तोंड उघडलेला. काकूंच्या डोक्यावर त्या वेळी एकही काळा केस उरला नव्हता, आणि साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात काका ओरडले होते:

"अवं इंदे! पहिली प्रत! एक कवडी नाई!"